जुन्या बाटलीतला रेणू आणि कोचरेकर मॅडम

डॉ. मृदुला कोचरेकर यांची माझी पहिली भेट अंधेरीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत झाली. मी पीएच.डी.च्या मुलाखतीला गेले होते. मॅडमनी प्रश्न विचारलेच नाहीत. हातमोजे काढत म्हणाल्या, "पेशीत रोज निकामी प्रथिनं साठतात. ती तोडणारं यंत्र पेशीतच असतं, त्याला प्रोटिआसोम म्हणतात. कर्करोगाच्या काही पेशींत हा कचरा इतका होतो, की यंत्र बंद पडलं तर त्या गुदमरून मरतात. ते बंद पाडणारे नवे रेणू आपण शोधतो. बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. चालेल तुला?"

मी हो म्हटलं.

अशी काही औषधं आज वापरात आहेत, पण कालांतराने रोग त्यांना दाद देईनासा होतो. म्हणून हा शोध. माझ्या चौथ्या वर्षी एका रेणूने काचेच्या ताटलीतल्या मायलोमाच्या, म्हणजे अस्थिमज्जेच्या कर्करोगाच्या, पेशी भराभर मारल्या. आम्ही हरखून शोधनिबंध लिहायला घेतला. त्याच सुमारास बोरीवलीला माझ्या बाबांचं औषध लागू पडेनासं झालं. त्यांना हाच आजार होता.

आज लिहितानाही संकोच वाटतो, पण मी बाबांसाठी मॅडमकडे त्या रेणूची बाटली मागितली.

त्यांनी दार लोटलं, मला बसवलं. "नाही देणार. माणसाच्या अंगात हे काय करेल, मला माहीत नाही."

"मॅडम, बाबांकडे वेळ नाहीये."

"म्हणूनच नाही देणार गं."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्या आठवड्यात मॅडम बाबांची फाईल घेऊन स्वतः एका तज्ज्ञांकडे जाऊन बसल्या. उपचार बदलले. बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले. माझी पदवी त्यांनी पाहिली.

इकडे निबंध पाठवण्याआधी मॅडमनी तोच रेणू नव्याने, अगदी शुद्ध बनवायला लावला. तो पेशींवर घातला आणि काहीच झालं नाही. पेशी मजेत वाढत राहिल्या. आमच्यातला एक सहकारी म्हणाला, "मॅडम, जुने आकडे खोटे नाहीत ना? छापून टाकू."

"आकडे खरे आहेत. पण ते कशाचे आहेत, हे कुठे माहितीय आपल्याला?"

निबंध बाजूला पडला. पुढचे कित्येक महिने मॅडम स्वतः प्रयोगाच्या टेबलापाशी उभ्या राहून जुन्या बाटलीतला एकेक घटक वेगळा करत होत्या. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. बाटलीत पडून राहिल्याने मूळ रेणूचा कणभर भाग बदलला होता आणि प्रोटिआसोम बंद पाडत होता तो हा बदललेला रेणू. पडद्यावरच्या आलेखात त्याचा एक बारीक सुळका दिसत होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "हा आपल्याआधी कोणी पाहिला नसावा. नीट बघून घे." इतक्या लहान गोष्टीसमोर इतकं नम्र होऊन उभं राहिलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्या रेणूच्या आता प्राण्यांवर चाचण्या चालू आहेत. आम्ही कोणी त्याला औषध म्हटलं की मॅडम लगेच टोकतात, "अजून नाही." यंदा त्यांनी साठी पूर्ण केली. त्यांना ठणठणीत प्रकृतीचं, उदंड आयुष्य मिळो, आणि 'औषध' हा शब्द एक दिवस त्यांच्याच तोंडून आम्हाला ऐकायला मिळो.