पिशवीतलं प्रगतिपुस्तक

भाजीची पिशवी दारात दिसली की माणसाच्या छातीत धडधडायला लागावं, ही किमया अख्ख्या जयपुरात एकाच माणसाला साधली, आणि तो माणूस म्हणजे हिचे, म्हणजे माझ्या बायकोचे, मामा. साहेबांच्या पत्राला भिणारे लोक मी पाहिले आहेत, डॉक्टरांच्या रिपोर्टला भिणारा तर मी स्वतःच आहे. पण तिथल्या मानसरोवर वसाहतीतल्या वीसेक घरांतल्या आया शनिवारी संध्याकाळी एका साध्या कापडी पिशवीला भीत असत, आणि त्या वीस घरांत आमचंही घर होतं.

बँकेनं माझी बदली जयपूरला केली तेव्हा हिच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "तिथं मामा आहेत." ते दिलासा म्हणून होतं की इशारा म्हणून, हे मला पुढं आठ वर्षं ठरवता आलं नाही. मामांचे वडील रेल्वेत, भुसावळहून बदलून आलेले. मामा जयपुरातच वाढले, गणितात एम.एस्सी. झाले, पण जिभेवरचं भुसावळ आणि पोटातलं भरीत काही सुटलं नाही. लग्न केलं नाही. विचारलं तर "वेळेवर पेरलं नाही, आता हंगाम गेला" म्हणत. काही वर्षं ते सोडाला भागातल्या एका मोठ्या कोचिंग क्लासात शिकवत होते. दोनशे मुलं, हातात माइक, आणि फळा म्हणजे सिनेमाचा पडदाच. एक दिवस तास चालू असतानाच त्यांनी माइक टेबलावर ठेवला, "शेवटच्या बाकावरचं पोरगं मला दिसतच नाही. जे दिसत नाही त्याला शिकवू कसं भो?" असं मराठीतच म्हणाले आणि सरळ घरी आले. वर्गात मराठी कळणारं एकही मूल नव्हतं, त्यामुळे ती मुलं अर्धा तास तशीच बसून राहिली म्हणतात. त्यानंतर मामांनी सांगानेरच्या पलीकडे अर्धा बिघा जमीन कसायला घेतली आणि घरी शिकवण्या सुरू केल्या. शेतीनं पोट भरेना म्हणून शिकवणी, आणि शिकवणीनं जीव भरेना म्हणून शेती, असा तो सोयीचा संसार होता.

आता दोन्ही धंदे एकाच माणसाच्या अंगावर असले की ते एकमेकांत सांडणारच. मामांच्या खिशात पेनाशेजारी खुरपं असे. एकदा त्यांनी भर तासात खुरप्यानं फळ्यावर वर्तुळ काढायचा प्रयत्न केला. तो ओरखडा अजून आहे. मुलांना ते नावानं हाक मारत नसत. सतरंजीवरच्या रांगांना त्यांनी वाफे ठरवले होते, आणि "लक्ष कुठंय, वाफा तीन?" म्हटलं की तिसऱ्या रांगेतली चारही मुलं ताठ होत. शेतावर मात्र उलटं. तिथं ते टोमॅटोच्या रोपांना "बाळांनो, सरळ बसा" म्हणून काठीला बांधत. शिकवणीची वेळ विजेवर ठरे, कारण शेताच्या पंपाला वीज कधी सकाळच्या पाळीत येई, कधी दुपारच्या. मग आयांच्या मोबाइलवर निरोप यायचा, "कल लाइट सुबह की है, गणित शाम को." त्रिकोणमिती वालाच्या मांडवाखाली, आणि थंडीतली शेवटची उजळणी मटार सोलता सोलता. माझी मुलगी पायथागोरसचा सिद्धांत आजही दाणे सोलल्यासारखी बोटं हलवत सांगते.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे ती पिशवी. मामा परीक्षा घेत, पण गुण देत नसत. गुण दिले की आया ते शेजारच्या मुलाच्या गुणांशी ताडून पाहतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून दर शनिवारी प्रत्येक मुलाच्या हाती शेतातल्या भाजीची पिशवी देत, आणि काय दिलं यावरून काय ते समजून घ्यायचं. सगळ्यात वर भरताची वांगी. ती वर्षात दोन-तीन जणांच्याच नशिबी. त्याखाली मटार किंवा भेंडी, म्हणजे उत्तम. कोबी म्हणजे "बरं चाललंय." आणि सगळ्यात खाली मुळा. उन्हाळ्यात मुळ्याच्या जागी टिंडे, म्हणजे आपली ढेमसं. माझी मुलगी पहिल्या शनिवारी घरी आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, मतलब... मुळा आहे." मी बापडा आनंदानं म्हणालो, "वा, कोशिंबीर करू या!" त्यावर हिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर आमच्या घरी मुळ्याची कोशिंबीर झालेली नाही.

मामांची जमीन त्यांची स्वतःची नव्हती. ती चौधरीजींची. चौधरीजी म्हणजे पांढऱ्या मिशांचे, मोठ्या पगडीचे, मोजकं बोलणारे वृद्ध गृहस्थ. आजूबाजूच्या शेतांत एकेक करून मॅरेज गार्डनं उभी राहिली होती. लग्नसराईत मामांचा पालक दुसऱ्यांच्या वरातीच्या डीजेनं थरथरायचा. चौधरीजींच्या मुलालाही तिथं लॉन करून मंडप घालायचा होता. पण चौधरीजींची नात सुमन दहावीत होती आणि तिचं गणित कच्चं होतं. तेव्हा म्हाताऱ्यानं बांधावर बसून निवाडा केला, "मास्साब, छोरी गणित में पास हो गई तो खेत आपका. फेल हुई तो मेरा बेटा यहाँ तंबू गाड़ेगा." मामांनी लगेच हो म्हटलं. मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. सुमन मी पाहिली होती. मेथीची जुडी हातात घेऊन बिनचूक वजन सांगणारी चलाख पोर, पण वहीत समीकरण दिसलं की तिचा पुतळा होई.

मामांनी तिला दिवाळीपासून दर शनिवारी मुळा दिला. एक नाही, दोन नाही, ओळीनं आठ शनिवार. आणि नवव्या आठवड्यात, रविवारी सकाळी मी भाजी तोडायला म्हणून गेलो होतो तेव्हा, चौधरीजी हसतमुखानं शेतात आले. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एका हातात मामांच्याच वाफ्यातून उपटलेला मुळा, तो ते कराकरा चावत होते. "मास्साब, आपने तो निहाल कर दिया! हर शनिवार मूली! बहू पराठे सेंक-सेंक के थक गई. मैं समझ गया, छोरी पढ़ रही है, तभी मास्साब इतना माल भेज रहे हैं."

माझ्या लक्षात सगळा घोटाळा आला. मानसरोवरच्या आयांना पिशवीची भाषा पाठ होती, पण चौधरीजींच्या घरी ती कुणी सांगितलीच नव्हती. आणि जिथं थंडीत मुळ्याचे पराठे म्हणजे मेजवानी, तिथं मुळा हा काय अपमान वाटणार? आठ आठवडे ते घर नापासाचा निकाल तूप लावून खात होतं. मी मामांना कोपर मारलं, डोळे मोठे केले, खोटं खोकलो. गप्प बसायचं, बस. एवढंच करायचं होतं. मामांनी हातातली माती झटकली आणि म्हणाले, "चौधरीजी, मूली का मतलब, अभी कुछ नहीं आता."

चौधरीजींचं चावणं थांबलं. "आठ हफ़्ते से?"

"आठ हफ़्ते से."

त्यांनी हातातल्या अर्ध्या मुळ्याकडे पाहिलं, तो हळूच बांधावर ठेवला आणि निघून गेले. मी चिडलोच. "मामा, जमिनीचा प्रश्न आहे! काय गरज होती?" मामा खाली बसून पुन्हा तण काढायला लागले होते. "जावईबापू, रोपाला कीड लागली तर आपण पानाला हिरवा रंग फासतो का?" मी पडलो बँकवाला. तसा रंग फासलेली कितीतरी कर्जप्रकरणं मी पाहिली होती.

पुढच्या आठवड्यापासून मामांनी सुमनची वही बंद केली आणि तिला तराजूवर बसवलं. दर रविवारी सकाळी शेताच्या फाटकात भाजी विकायला तीच. या पारड्यात काय ठेवलं, त्या पारड्यातून काय काढलं, दोन्ही बाजू सारख्या कशा होतील, हे तिनं हातांनी करायचं आणि मामांनी शेजारी बसून ते खडूनं फरशीवर लिहायचं. गिऱ्हाइकं कंटाळून जात, पण बरोबरीचं चिन्ह म्हणजे तराजूची दांडी हे पोरीला कळलं. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तिला कोबी मिळाला. पिशवीची भाषा आता चौधरीजींच्या घरी पोचली होती. त्या एका कोबीसाठी त्यांनी गल्लीत लाडू वाटले. लोक विचारायला लागले की घरात काय झालं, मुलगा की मुलगी, आणि बहू सांगत सुटली, "गोभी हुई है!"

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, गणितात सप्लिमेंटरी. थोडक्यात हुकलेली. मामांनी संध्याकाळी शेतातले टिंडे तोडले, स्वतःच्या नावाची पिशवी भरली आणि आठवडाभर तेच खाल्ले. ही डबा घेऊन गेली तर डबा परत. "शिकवणारा नापास झाला तर त्यानं भेंडी खायची काय?" तिसऱ्या दिवशी चौधरीजींचा मुलगा टेप घेऊन शेतात मापं घ्यायला आला. मामा वालाच्या मांडवाखाली उभे राहून नुसते पाहत होते. त्यांचा चेहरा मला त्या दिवशी पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसाचा वाटला. तेवढ्यात काठी टेकत चौधरीजी आले आणि मुलाच्या हातातली टेप त्यांनी गुंडाळून आपल्या खिशात घातली. "रिश्तेदार बोले छोरी होशियार है, पड़ोसी बोले होशियार है, मैं भी बोला. एक इस आदमी ने मूली को मूली बोला. तंबू रुकेगा. एक बार और परीक्षा होने दे."

पावसाळा सरता सरता पुरवणी परीक्षेचा निकाल आला. सुमन पास झाली, तीही चांगल्या गुणांनी. संध्याकाळी ती एक पिशवी घेऊन मामांच्या दारात उभी. मी, ही आणि मुलगी, आम्ही तिघंही तिथं होतो. "सर, दादाजी ने भेजा है. बोले, ये आपका रिज़ल्ट है." पिशवीत भरताची वांगी होती. हंगामातली पहिली, मोठी, हिरवट-पांढरी, आणि मामांच्याच वाफ्यातून न विचारता तोडलेली. मामा एक वांगं उलटं करून देठ पाहत म्हणाले, "चार दिवस आधी तोडली. अजून भरायची होती." त्या वांग्यांचं भरीत झालं नाही. मामांनी ती खिडकीत ओळीनं मांडली आणि ती तिथंच सुकली. भुसावळच्या माणसानं भरताची वांगी वाळू दिली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

यंदा माझी बदली नाशिकला झाली. इथं भाजी मुबलक, पण शनिवारी बाजारात गेलो की माझे हात अडखळतात. वांगी उचलतो, आठवडा कसा गेला ते आठवतो आणि गुपचूप परत ठेवतो. मामांचा फोन दर शनिवारी येतो. सुमन कॉलेजला जाते, रविवारी लहान मुलांचे वाफे सांभाळते, शेत आहे तिथंच आहे, एवढी बातमी झाली की ते विचारतात, "काय घेतलं आज?" मागच्या शनिवारी त्यांचा आवाज थकलेला वाटला, म्हणून त्यांना बरं वाटावं यासाठी मी म्हणालो, "वांगी, मामा. भरताची." पलीकडे मामांनी पंप बंद केल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "जावईबापू, आवाजावरून कोबी वाटतोय."

कोबीच होता.