सासूबाईंच्या कोंबड्या आणि माझी घाई

गेल्या रविवारी नाहूरला सासूबाईंच्या घरामागचा खुराडा मी ब्लीचने धुतला आणि आतून चुना मारला. आत एकही कोंबडी नव्हती... मी मुद्दाम हळूहळू धूत होते.

सासूबाई तिथे बैठ्या घरात एकट्याच राहतात, आम्ही मुलुंडला. मागच्या चार हात जागेत त्यांच्या सहा गावठी कोंबड्या होत्या. मूळ गाव कणकवलीकडचं, त्यामुळे कोंबड्यांशिवाय त्यांना घर घरासारखं वाटतच नाही.

महिन्याभरापूर्वी मी बाजारातून एक ठिपक्यांची कोंबडी घेऊन गेले. सरप्राइज म्हणून... सासूबाई खूश झाल्या, पण म्हणाल्या, हिला थोडे दिवस टोपलीखाली वेगळी ठेवूया. मी म्हटलं, अहो आई, एकटी घाबरेल ना ती. आणि त्या आत चहा टाकायला गेल्या तेवढ्यात मी तिला खुराड्यात सोडून दिलं.

त्यांनी येऊन बघितलं. काढून ठेवलेली टोपली उचलून परत जागेवर ठेवली.

चौथ्या दिवशी ती ठिपक्यांची कोपऱ्यात पिसं फुलवून बसली. चोच उघडी ठेवून श्वास घेत होती, शीट हिरवट पाण्यासारखी. सासूबाईंनी लसूण-हळद भरवली. दुसऱ्या दिवशी ती गेली, आणि त्यांनी तिला मागेच पुरलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. दोघी खात नाहीत, आणि एकीची मान वाकडी झालीय म्हणाल्या. मी ऑफिसातून हाफ डे टाकून निघाले.

डॉक्टर मिळणं हीच एक कसरत होती. आपल्याकडे बहुतेक क्लिनिकमध्ये कुत्री आणि मांजरंच येतात. दोन ठिकाणी 'आम्ही पक्षी बघत नाही' ऐकल्यावर मुलुंडला एक डॉक्टर मॅडम तयार झाल्या. वाकड्या मानेचीला टोपलीत घालून आम्ही दोघी तिकडे गेलो.

त्यांनी आधी कोंबडीला हातच लावला नाही, नुसतं बघत राहिल्या. मग प्रश्न... अंडी कधी थांबली, पाणी पितात का, लस दिली होती का. लस कधीच दिलेली नव्हती. मग छातीचं हाड चाचपलं, चोच उघडून घसा बघितला, शीट बघितली.

त्या म्हणाल्या, कोंबड्यांचे बरेच आजार वरून सारखेच दिसतात. सर्दीने डोळे सुजले असतील तर औषधाने उतरतात, रक्ती हगवण असेल तर पाण्यातून औषध देता येतं. मान तर जीवनसत्त्व कमी पडलं तरी वळते. पण एकामागून एक पडतायत म्हणजे काळजीचं आहे. एखादी गेलीच तर डबल पिशवीत बांधून बर्फावर ठेवून आणा, फ्रीजरमध्ये टाकू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळीच एक गेली. आम्ही दोघी रिक्षाने थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन गेलो.

मॅडमनी ती उघडून पोटाचा आतला भाग दाखवला. टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके होते. बहुतेक राणीखेत, त्या म्हणाल्या. मानमोडी म्हणतात ती हीच. पण बर्ड फ्लूसुद्धा असाच दिसू शकतो, म्हणून नमुने सरकारी लॅबला पाठवले. रिपोर्ट येईपर्यंत अंडी किंवा कोंबडी कोणाला द्यायची नाही, खायची नाही, मास्क आणि ग्लोव्हजशिवाय हात लावायचा नाही.

मी विचारलं, औषध?

या व्हायरसवर औषध नाही, त्या म्हणाल्या. ताकदीचं पाण्यातून देऊ, दुसरं इन्फेक्शन होऊ नये म्हणून अँटिबायोटिक देऊ. वाचली तर तिची ती वाचेल.

मग कागदावर लिहितालिहिता त्यांनी विचारलं, "पंधरा-वीस दिवसांत नवीन कोंबडी आणली होती का कोणी?"

मी थर्माकोलच्या डब्याचं झाकण नीट लावत बसले. आणि सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "होय. मीच आणलेली बाजारातून. त्याच दिवशी मिसळून सोडली."

मॅडम जरा रागावल्याच. इतकी वर्षं कोंबड्या पाळता, नवीन पक्षी तीन आठवडे तरी वेगळा ठेवायचा हे माहीत नाही का? सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या. सत्तरीची बाई... आणि मी शेजारी गप्प उभी. तेव्हाही बोलू शकले असते. नाही बोलले.

रिक्षात मला रडू आलं. म्हटलं, आई, तुम्ही असं का सांगितलंत? त्या बाहेर बघत म्हणाल्या, "आजार खयसून इलो, तां तिका कळूक होया होतां. तां सांगलंय. कोणाच्या हातान इलो, तां कित्याक सांगू?" म्हणजे, आजार कुठून आला ते मॅडमना कळायला हवं होतं, कोणाच्या हातून आला ते कशाला सांगायचं.

रिपोर्ट राणीखेतचाच आला. बर्ड फ्लू नव्हता, एवढंच बरं. पण तोवर आणखी चार गेल्या होत्या. प्रत्येकीसाठी सासूबाई स्वतः खोल खड्डा खणत, चुना टाकत, मला फावड्याला हात लावू देत नसत.

एकच वाचली, तांबडी. पण तिची मान कायमची तिरकी राहिलीय. दाण्यावर नेम धरते आणि चोच बाजूच्या फरशीवर आपटते. आता ती स्वयंपाकघरात खोक्यात असते आणि सासूबाई तिला भिजवलेला कणीचा भात हाताने भरवतात. दिवसातून चार वेळा. नवीन कोंबड्या आणणार नाही म्हणतात... परत ते बघवणार नाही.

तुमच्यापैकी कोणी गावी किंवा इथे कोंबड्या पाळत असाल तर लस द्या, नवीन पक्षी वेगळा ठेवा. आणि घरातलं जाणतं माणूस काही सांगत असेल तर ऐका.

मी अजून त्यांना सॉरी म्हटलेलं नाही. इथे चारचौघांत लिहिणं सोपं आहे, कारण सासूबाई फोनवर फक्त फोटो बघतात, पोस्ट वाचत नाहीत. येत्या रविवारी नाहूरला जाऊन ही मीच त्यांना वाचून दाखवणार आहे.