न लागलेला दिवा

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या लग्नांना लायटिंग करायचं काम बाबांचं. त्यामुळे प्रत्येक मांडवात त्यांचं ताट ठरलेलं, आणि ताटात जिलेबी. साखर वाढली. मग पायाच्या अंगठ्याला जखम झाली आणि चिघळली, तरी साखरेनं बधिर झालेल्या पायाला पत्ता नाही. आईला चप्पल ओली दिसली तेव्हा कळलं. अंगठा कदाचित काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. अंगठा गेला की शिडी गेली, हे बाबांना कुणी सांगायला नको होतं.

एका मोठ्या दवाखान्यात नव्या उपचाराची चाचणी चालू होती. गोळ्या आणि ड्रेसिंग होतंच, शिवाय जखमेवर अतिसूक्ष्म कणांचं मलम. त्यावर ठरावीक प्रकाश टाकला की कण तापून जंतू मारतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. प्रकाश म्हटल्यावर बाबा खुलले. "हे आपलंच काम की."

बाईंनी त्यांना हिरवा चष्मा घातला, यंत्र सुरू केलं. काहीच दिसेना. बाबांनी खिशातून टेस्टर काढला.

"बाई, दिवा लागला नाय."

"लागलाय, काका. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही."

"मग चष्मा कशाला?"

लागलाय पण दिसत नाही, असलं उत्तर गिऱ्हाइकाला द्यायची बाबांची उभ्या जन्मात छाती झाली नव्हती. घरी येताना मला म्हणाले, "फसवतात गं. फ्यूज गेलाय."

दुसऱ्या दिवशी आई आणि मी बाजारातून आलो, तर बाबांच्या पायाशी मांडवातला हॅलोजन. दवाखान्यात कमी पडलेला उजेड ते भरून काढत होते. पाय लालबुंद आणि स्वारी निवांत. आईनं प्लग उपटला.

"अवो, पायाला कळत नाय, डोक्याला तरी कळू द्या."

मला हसू आलं, पण पाय जवळून बघितल्यावर थांबलं. आणखी थोडा वेळ गेला असता तर अंगठा आम्हीच भाजून ठेवला असता.

हॅलोजन कुलपात गेला, जिलेबी बंद झाली. बाबा निमूटपणे दवाखान्यात जात राहिले आणि जखम भरली. आई श्रेय जिलेबीला देते, म्हणजे न खाल्लेल्या.

परवा कुंभिवलीच्या मांडवात बाबा पुन्हा शिडीवर चढले. शिडी आईनं धरलेली. नवरीचा मामा आला.

"ती कडेची माळ लागली नाय."

"लागलीय," बाबा वरून शांतपणे म्हणाले. "तुमाला दिसत नाय."

आईनं नव्या सँडलमधून डोकावणाऱ्या अंगठ्याला हळूच चिमटा काढला. बाबांना तो कळला नाही. पण चिमटा काढायला अंगठा होता, म्हणून मी मांडवामागे जाऊन पोटभर रडले.