महालक्ष्म्यांना गेले नाही, बोरन्हाणाला गेले

डॉक्टरांनी टीबी म्हणून सांगितलं तेव्हा मी वाचेन का, हा प्रश्न माझ्या तोंडून निघालाच नाही. मी विचारलं, “या आठवड्यात महालक्ष्म्या आहेत. दिराकडे जायचंय. जाऊ ना?”

पिंपरीच्या महापालिकेच्या मोठ्या दवाखान्यातली ती डॉक्टर वयाने माझ्या हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी असेल. तिने विचारलं, “त्या घरात लहान मूल आहे?” माझी जाऊ अश्विनी हिचं तीन महिन्यांचं बाळ आहे, असं मी सांगितलं. ती म्हणाली, “मग तुम्ही जायचं नाही. आणि तुम्ही त्या बाळाला या महिन्याभरात घेतलं असेल, तर त्याला इकडे तपासायला आणायचं.”

घेतलं असेल म्हणजे काय, दर रविवारी ते माझ्याच मांडीवर असायचं. आम्ही मोशीला राहतो, धाकटे दीर चिखलीला, मध्ये अंतर ते किती. बाळाला तेल लावणं, न्हाऊ घालणं, पाळण्यात झोपवणं हे रविवारचं काम मी हौसेने मागून घेतलं होतं. आणि या सगळ्या रविवारी मी खोकत होते.

आधी खोकल्याचंच सांगते, कारण तुमच्यातही कुणी असंच खोकत बसलं असेल. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत व्हिज्युअल इन्स्पेक्शनला आहे. म्हणजे दिव्याखाली पार्ट धरून डोळ्यांनी तपासायचा, ओरखडा दिसला की बाजूला काढायचा. दिवसभर दुसऱ्याचे ओरखडे शोधणारी मी, स्वतःचा खोकला धुळीवर ढकलत होते. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं, ते थकव्यावर ढकललं. वजन उतरलं, तेव्हा तर मी खूश झाले. ब्लाउज सैल झाले म्हणून मैत्रिणींनी कौतुकही केलं.

मग एक दिवस कंपनीच्या बेसिनमध्ये थुंकीबरोबर रक्ताची रेघ दिसली. एक्स-रे काढला, त्यात उजव्या फुफ्फुसावर ढगासारखा डाग होता. मग स्प्युटम टेस्ट. स्प्युटम म्हणजे छातीतून खोल खाकरून काढलेला बेडका, तोंडातली लाळ नव्हे. सकाळी उठल्याउठल्या डबीत द्यायचा. तो पॉझिटिव्ह आला, म्हणजे त्यात जंतू सापडले. याचा अर्थ डॉक्टरांनी सरळ सांगितला: मी खोकले, शिंकले, मोठ्याने बोलले की जंतू हवेत जातात आणि शेजारचा माणूस ते श्वासातून आत घेतो. ताटातून नाही, कपड्यांतून नाही, हात लावल्याने नाही. हवेतून.

एक चांगली गोष्टही होती. माझा टीबी ड्रग सेन्सिटिव्ह निघाला. म्हणजे नेहमीच्या गोळ्यांना तो दाद देतो, हट्टीपणा करत नाही. गोळ्या नीट घेतल्या तर काही आठवड्यांत माझ्यापासून इतरांना असलेला धोका जाईल, पण कोर्स सहा महिन्यांचा पूर्ण करायचा. “आणि मी हो म्हणेपर्यंत लहान मुलांपासून लांब,” डॉक्टर म्हणाली.

आता आमच्याकडच्या महालक्ष्म्यांविषयी थोडं सांगायला हवं. आम्ही लातूरकडचे. इकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्या महालक्ष्म्या, आणि सासूबाई हयात आहेत तोवर त्या एकाच घरात उभ्या राहतात. सासूबाई धाकट्याकडे असतात म्हणून त्या चिखलीला. दोन पितळी मुखवटे. ज्येष्ठा थोरल्या सुनेने उंबऱ्यातून आत आणायची, कनिष्ठा धाकटीने. कुंकवाच्या पावलांवरून पावलं टाकत, आतल्या बायकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. लग्न झाल्यापासून ज्येष्ठा माझ्याच हातात आलेली आहे. माझ्या वाट्याचा तेवढा एकच मान आहे आणि तो मला आवडतो, यात लपवायचं काय.

दवाखान्यातून आल्यावर मी सासूबाईंना फोन केला. त्या टीबी म्हटल्यावर घाबरल्या नाहीत, चिडल्या. टीबीवर नाही, मी येत नाही म्हटल्यावर. “काय बोलूलालीस तू? डोक्यावरून पाणी घे, सोवळं नेस, तोंडाला फडकं बांध आन् ये. देवीच्या कामाला रोग आडवा येत न्हाई,” त्या म्हणाल्या. आणि मग आवाज खाली करून, “टीबीचं नाव काढू नको कुणाजवळ. मी अश्विनीला टायफाइड सांगते. घरात पोरी हायत लग्नाच्या.”

सासूबाई वाईट नाहीत. गावाकडे एका वर्षी सुतकात महालक्ष्म्या उभ्या राहिल्या नाहीत आणि त्याच वर्षी सासऱ्यांचा हात मळणीयंत्रात गेला. या दोन गोष्टींचा संबंध त्यांच्या मनात पक्का आहे, तो मी काढू शकत नाही. पण सोवळं त्यांना जे वाटतं ते करत नाही. ओल्या लुगड्याला विटाळ कळत असेल, जंतू कळत नाही. मी कितीही शुद्ध होऊन गेले असते तरी माझा श्वास तोच राहिला असता, आणि पाळणा त्याच खोलीत होता.

नवऱ्याला विचारलं. तो तीन शिफ्टचा माणूस, घरच्या भांडणात मात्र कायम सुट्टीवर. म्हणाला, “एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मास्क लावून उभी राहा आणि परत ये. आईचं मन राहील.”

मला इतका संताप आला की खोकल्याची उबळ थांबेना. आईचं मन राहील, देवीचा मान राहील, पोरींची लग्नं राहतील. आणि बाळाचं काय राहील? मी नुसती गेले नाही तर तेवढ्याने भागणार नव्हतं. टायफाइड म्हणून सगळे गप्प बसले असते तर त्या बाळाला कुणी तपासायला नेलंच नसतं. सण पार पडला असता आणि ते आतल्या आत आजारी पडलं असतं.

मी अश्विनीला फोन लावला. ती माझी धाकटी जाऊ, बोलायला मोजकी. मी प्रस्तावना केली नाही. “अश्विनी, मला टायफाइड नाही, टीबी झालाय. छातीचा. बाळ दर रविवारी माझ्याजवळ होतं. उद्या त्याला दवाखान्यात घेऊन जा, मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय.”

ती म्हणाली, “आईंनी मला वेगळंच सांगितलं.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. दिरांनी नवऱ्याला फाडफाड बोलून घेतलं, नणंदेने मला घराण्याची अब्रू वेशीला टांगणारी म्हटलं, सासूबाईंनी बोलणं टाकलं. मी म्हटलं, टांगली तर टांगली. टीबी मी चोरून आणला नव्हता. गर्दीच्या कंपनी बसमधून, कॅन्टीनमधून, कुणाच्या तरी खोकल्यातून तो माझ्यात आला, आणि त्या माणसालाही बहुधा कुणीतरी टायफाइड म्हण म्हणून सांगितलं असणार.

बाळाला नेलं. त्याला आजार नव्हता. पण जंतू शरीरात शिरले असतील तर ते उठू नयेत म्हणून त्याला प्रतिबंधक औषध सुरू केलं, रोज, काही महिने. आजार नसलेल्या बाळाला औषध पाजायचं, ते ओकणार, रडणार, आणि ते सगळं अश्विनीने करायचं. ही बातमी नवऱ्याने आणली. मी देवासमोर दिवा लावला आणि तिथेच बसून रडले, सुटकेनेही आणि लाजेनेही.

महालक्ष्म्या आल्या त्या दिवशी मी मोशीला एकटी होते. नवरा तपासणीत स्वच्छ निघाला होता, तो गेला. आमच्या समोरच्या इमारतीतही कुणाकडे तरी गौरी येत होत्या. घंटा वाजत होती, बायका विचारत होत्या कोण आलं, कशाच्या पावलांनी आलं. मी खिडकी उघडी ठेवून, कारण खिडकी उघडी ठेवणं हेही औषधच, ऐकत बसले. संध्याकाळी कळलं की अश्विनीने दोन्ही मुखवटे एकटीने आणले. आधी ज्येष्ठा, मग परत उंबऱ्यापर्यंत जाऊन कनिष्ठा. सगळं व्यवस्थित पार पडलं, काही कोसळलं नाही. खरं सांगते, माझ्यावाचून काही अडलं नाही याचं मला थोडं दुःखही झालं.

नंतरचे दोन महिने गोळ्यांचे. पहिल्या गोळीनंतर लघवी नारिंगी झाली आणि मी घाबरून नवऱ्याला झोपेतून उठवलं. तो त्या औषधाचा रंग असतो, काळजीचं नसतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं म्हणून तुम्हाला सांगते. मळमळ होते, सांधे दुखतात, तोंडाची चव जाते. आठ-दहा दिवसांत खोकला कमी होतो आणि मग मन म्हणतं की झालं आता, पुरे गोळ्या. त्या मनाचं ऐकू नका, ते लबाड असतं.

कंपनीत आमच्याकडे एक पिवळी चिठ्ठी असते, होल्डची. पार्ट चांगलाही नाही, भंगारही नाही, तपासणी होईपर्यंत बाजूला ठेवलेला. मी स्वतःला तशीच समजत होते, आणि मला त्यात कमीपणा वाटत नव्हता. होल्डचा पार्ट भंगाराच्या लाल पेटीत टाकला तर आम्हाला बोलणी बसतात.

दोन महिन्यांनी स्प्युटम पुन्हा दिलं. निगेटिव्ह, म्हणजे बेडक्यात जंतू नाहीत. डॉक्टर म्हणाली, “आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही. कामावर जा, सणाला जा, त्या बाळालाही घ्या. फक्त गोळी चुकवायची नाही.” मी दवाखान्याबाहेर येऊन दोन वडापाव खाल्ले, कारण भूक परत आली होती.

मी कामावर गेले. चिखलीचं बोलावणं मात्र आलं नाही. दिवाळीला आलं नाही, मी समजून घेतलं. संक्रांत आली. बाळाची पहिली संक्रांत, म्हणजे बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचे दागिने, बाळाला मधोमध बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतायचे आणि आळीतल्या पोरांनी ते लुटायचे. मला हे नवऱ्याकडून कळलं, आणि तेही तो एकटाच इस्त्रीचा शर्ट शोधत होता म्हणून.

मी सासूबाईंना फोन केला. इतक्या महिन्यांनी त्यांनी उचलला आणि म्हणाल्या, “पुढल्या वर्षी ये की. लेकराचं पयलं न्हाण हाय, बायका येणार. उगी कुणाच्या मनात शंका नको.”

“आई,” मी म्हटलं, “मी आजारी होते तेव्हा तुम्ही ये म्हणालात. आता बरी झाले तर नको म्हणता. तुम्हाला नेमकी भीती कशाची आहे?”

मी काळी साडी नेसले, तिळगूळ घेतला आणि नवऱ्याच्या गाडीवर मागे बसले. तो रस्त्यात एकदाच म्हणाला, “बघ हं.” मी म्हटलं, बघितलंय.

तुमच्यावर ही वेळ आली तर एवढं ध्यानात ठेवा. जाऊ का, हे दोनदा विचारावं लागतं. अंगात जंतू असताना लोक प्रेमाने बोलावतील, तेव्हा जाऊ नका, कितीही जवळचं असलं तरी. आणि कशासाठी येत नाही ते नाव घेऊन सांगा, म्हणजे बाकीचे तपासून घेतील. पुढे जंतू गेले की तेच लोक दार लोटतील, तेव्हा जा. दोन्ही वेळी डॉक्टरांना विचारा. नात्यातल्या कुणाला विचारू नका, नवऱ्याला तर नाहीच.

चिखलीला दार उघडंच होतं. मी आत गेले तशा बायका सरकून बसल्या. एकीने तर पदर नाकाला लावला. बाळ पाटावर बसलं होतं, बसायला नुकतंच शिकलेलं, त्यामुळे एका बाजूला कलंडत होतं. त्याला मांडीवर घेऊन बसायला कुणीतरी हवं होतं. अश्विनीने त्याला सावरायला उचललं, तशी मी सरळ जाऊन पाटावर बसले आणि हात पुढे केले.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, मी बसते की.” पण बाळ अश्विनीच्या हातात होतं. महालक्ष्म्यांच्या आधीच्या त्या फोननंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता.

“ताई, रोज औषध पाजताना ते ओकायचं तेव्हा मला तुमचा फार राग यायचा. अजून आहे थोडा,” ती म्हणाली. “पण या घरात मला खरं फक्त तुम्हीच सांगितलं. घ्या त्याला.”

ते जड झालं होतं. त्याने माझ्या गळ्यातलं मंगळसूत्र मुठीत धरलं आणि तोंडात घातलं. मी कुणाचे उपकार मानते असं विचाराल तर त्या डॉक्टरचे मानते, त्या गोळ्यांचे मानते आणि राग न लपवता बाळ देणाऱ्या या बाईचे मानते.

सासूबाई बोरांचं भांडं घेऊन आल्या. पहिली ओंजळ त्यांचीच असते. त्यांनी ती वर धरली, आणि मला म्हणाल्या, “मागं सर जरा. लेकराच्या डोक्यावर पडू दे.”

“दोघांवर पडू दे,” मी म्हटलं, आणि जागची हलले नाही.