गावाला गेलेल्या पोरांचा वकील

सुपडू आबा शाळांच्या ऑफिसात आलेत हे साहेबाला जिन्यावरूनच कळायचं. कारण आबांचा आवाज. पंचवीस वर्षं सुरतच्या लूमच्या कारखान्यात काढली, तिथं बाजूच्या माणसाला पाणी मागायचं तरी ओरडावं लागतं, मग आबा बाहेरही तसंच बोलायचे. दाराशी शिपायाला नुसतं "बरं आहे ना?" विचारलं तरी आतले तीन कारकून मान वर करायचे. आणि सगळ्यांना माहीत असायचं की म्हातारा काय मागणार आहे. सतरा वर्षं तो एकच गोष्ट मागत होता.

नाव सुपडू, कारण आधीची दोन भावंडं वाचली नाहीत, म्हणून आईनं ह्याला जन्मल्या जन्मल्या सुपात घालून अंगणभर ओढलं, म्हणजे मरणाची नजर पडू नये. खानदेशातलं, पारोळ्याकडचं गाव. चौथी झाली आणि शाळा सुटली. बहात्तरच्या दुष्काळात सुरतला आला, लिंबायतला एका खोलीत सात जण राहायचे, त्यातला हा एक. पुढे लग्न झालं, मालतीबाई आल्या, सोनाली झाली.

आणि सोनालीवरूनच सगळं सुरू झालं.

एक्याऐंशी साल. सोनाली दुसरीत, पाढे म्हणायला एक नंबर. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळी गल्ली गावाला जाते तशी तीही आईबरोबर गेली. तिथं आजी आजारी पडली, मग पेरणी आली, असं करत जुलै उजाडला. परत येऊन शाळेत गेली तर हजेरीत नावच नाही. शाळा उघडून पंधरा दिवसांत पोर आलं नाही की नाव कापायचं, असा नियम. परत घालायचं तर दाखला आणा, जन्माचा कागद आणा, बापाला घेऊन या, अकरा ते पाच. बापाची पाळी सकाळी सात ते संध्याकाळी सात. आबा म्हणाले, बघू पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी सोनाली घरी बसून साड्यांना टिकल्या लावत होती आणि चांगली लावत होती, घरात सगळ्यांना सवय झाली होती. झालं, संपलं.

आता ती चलथाणला असते, नवरा साखर कारखान्यात आहे, दोन लेकरं आहेत, मजेत आहे, बापावर तिचा काडीचा राग नाही. पण आबांना कोणी विचारलं की एवढं कशाला धावता, तर ते एकच सांगायचे, "पोरीचं नाव कापलं, आणि मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो." एवढं बोलून तंबाखू मळायला लागायचे.

त्या वर्षीपासून अर्ज सुरू. अर्जात दोनच वाक्यं. गावाला गेलेल्या पोराचं नाव कापू नका. पोर येतं. बस्स. ऑफिस गुजराती, तर आबा दुकानांच्या पाट्या वाचून वाचून गुजराती अक्षरं शिकले. कारखान्याला सुट्टी असली की अर्ज घेऊन ऑफिसात. साहेब बदलले, एक गेला दुसरा आला, असे सात झाले. काही साहेब चांगले होते, म्हणायचे, काका, कुठलं पोर आहे ते सांगा, त्याचं घालून देतो. आबा ते पोर घालून घ्यायचे, सोडतात कशाला, आणि मग तिथंच उभे राहून म्हणायचे, "ह्याचं झालं. आता नियमाचं बोला." साहेब कपाळाला हात लावायचा. त्याला वाटायचं काम झालं की म्हातारा जाईल. पण आबांना एक पोर नको होतं, सगळीच पाहिजे होती.

घरी मालतीबाई अहिराणीत तापायच्या. "तुमले बठ्ठा गावना पोरे दिसतस, घरमा पीठ सरनं ते नही दिसत."

आबा गुपचूप डबा उचलून गिरणीत जायचे. तिथंही रांगेतल्या बायांना विचारायचे, "तुमची छाया आली का गावाहून?"

सत्त्याण्णव साली देसाईसाहेब आले. तरुण, चष्मा, टेबलावर एक कागद वाकडा नाही. त्यांनी सतरा वर्षांचे अर्ज मागवले, सगळे वाचले, म्हणजे काय, एक वाचला की सगळे वाचून झाले, आणि म्हणाले, "काका, तुम्ही लिहिता पोर येतं. पुरावो क्यां छे? आमच्याकडे तर असं म्हणतात की हे लोक गेले की गेले. मग रिकामी नावं ठेवून मी करू काय?"

सतरा वर्षांत हे आबांना कोणी विचारलंच नव्हतं. पोर येतं, त्याला काय पुरावा, सूर्य उगवतो त्याला काय पुरावा. मग एकदम म्हणाले, "साहेब, पेरणी उरकली की रविवारच्या गाडीनं सगळी येतात. तुम्ही उधना स्टेशनवर या. मी एकेकाचं नाव सांगतो, तुम्ही खूण करा."

साहेब हसले. पण हो म्हणाले. "आलीत तर मी वरती लिहितो. नाही आलीत, तर काका, हा अर्ज शेवटचा. कबूल?"

आबांनी कबूल म्हणून टाकलं.

जुलैचा पहिला रविवार. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, वहीत शाळेतून आणलेली, गावाहून न आलेल्या पोरांची एकसष्ट नावं. सोबत भटू, एके काळी शेजारच्या लूमवर होता, आता रिक्षा चालवतो. देसाईसाहेब वेळेवर हजर, रविवारी पण इस्त्रीचा शर्ट. भुसावळकडून येणारी गाडी लागली. आबा वही उघडून पुढे सरसावले.

गाडीतून उतरले कोण? एक म्हातारी, दोन फौजी आणि केळ्यांची पाटी घेतलेला एक माणूस.

बस.

आबा ह्या डब्यातून त्या डब्यात डोकावले. बाकं रिकामी, खाली शेंगांची टरफलं नुसती. साहेबांनी घड्याळ बघितलं. आबांना वाटलं, गेलं सगळं. पंधरा दिवस तर कधीच होऊन गेलेत, साहेबांनी आजपुरतं थांबवलंय, उद्या एकसष्ट नावं कापतील, आणि पुढं तोंड उघडायची सोय नाही, आपणच कबूल केलंय.

तेवढ्यात भटू खो खो हसायला लागला. "आबा, तू स्वतः कधी उधनाला उतरना का रे?"

आणि आबांच्या डोक्यात लख्ख पडलं. पंचवीस वर्षांत एकदाही नाही. लिंबायतजवळ रूळ गल्लीला अगदी घासून जातात, तिथं कोणीतरी साखळी ओढतं, गाडी थांबते आणि अख्खा खानदेश तिथंच खाली उतरतो. स्टेशनावर उतरून रिक्षाला पैसे घालायला कोण येडं आहे? आबा स्वतः पोतं खांद्यावर टाकून तिथंच उडी मारायचे. पण साहेबाला बोलवायचं म्हटल्यावर स्टेशन सुचलं, कारण साहेब लोक स्टेशनावर येतात.

आता आली पंचाईत. खरं सांगावं तर सरकारी माणसासमोर आपल्याच लोकांचा गुन्हा सांगायचा. न सांगावं तर पोरं जातात. भटू डोळ्यानं खुणावत होता, गप बस, गप बस, काहीतरी दुसरं सांग. आबांनी टोपी काढली, परत घातली.

"साहेब, पोरं आली. पण अलीकडंच, लिंबायतला उतरली, चला दाखवतो. आमची माणसं साखळी ओढतात." आणि आवाज तो असा की अख्ख्या फलाटानं ऐकलं. लांबून टीसीनं मान वळवली.

देसाईसाहेब बघतच राहिले. "म्हणजे काका, नियम मोडणारी माणसं दाखवायला तुम्ही मला घेऊन चाललात?"

"हो साहेब. ते मोडतात, त्याचा दंड त्यांना लावा. पण ह्यात पोरानं काय मोडलं?"

साहेबांनी चष्मा पुसला, टीसी इकडंच येतोय हे पाहिलं आणि पटकन भटूच्या रिक्षात जाऊन बसले.

लिंबायतला पोचले तर जत्राच. रुळाकडून गल्लीकडं माणसांची रांग, डोक्यावर बाजरीची पोती, पापडांचे डबे, काखेत पोरं, पोरांच्या पायाला गावचा चिखल तसाच. आबा रिक्षातून अर्धे बाहेर लटकून ओरडत होते, "शीतल गणपत, सहावी! वैभव, तिसरी! कुठं आहे वैभव?" आणि रांगेतून आवाज यायचे, आठे शे, आठे शे, इथं आहे. साहेब खाली उतरले, बुटासकट चिखलात. वही त्यांनीच हातात घेतली. शोभाबाई नावाची एक बाई, तिला काय माहीत साहेब कोण, तिनं फडक्यानं तोंड बांधलेली लोणच्याची बरणी त्यांच्याकडं दिली, "धर रे भाऊ, सांडू नको," आणि मागं राहिलेल्या पोरीला शोधायला गेली. देसाईसाहेब एका हातात बरणी आणि एका हातात वही धरून उभे. आता खूण कशी करणार? मग आबा नाव सांगायचे, साहेब मान हलवायचे आणि भटू खूण करायचा, आणि प्रत्येक खुणेला म्हणायचा, "आबा, तू ते रेल्वेना टीसी व्हई गया."

अठ्ठावन्न झाली. भटू हळूच म्हणाला, तीन राहिली, करून टाकू का खूण, साहेबाचे हात अडकलेत. आबांनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. "साहेब, तीन नाहीत. पुढच्या रविवारी येतील."

शोभाबाईच्या बरणीतून आपल्या शर्टावर पडलेल्या तेलाच्या डागाकडं बघत साहेब म्हणाले, "थांबू या मग." आणि एकसष्टपैकी एकही नाव त्या वर्षी कापलं गेलं नाही. तिघंही पुढच्या रविवारी आली, दोघं साखळी ओढून आणि एक खरंच तिकिटासकट स्टेशनावरून, त्याचं आबांना फार कौतुक वाटलं.

वरती लिहिलेलं वरून खाली यायला नऊ महिने लागले. अठ्ठ्याण्णवच्या एप्रिलमध्ये हुकूम आला, गावाला गेलेल्या पोराचं नाव जुलै संपेपर्यंत ठेवायचं आणि त्यानंतरही आलं तर कागद न मागता बसवायचं. देसाईसाहेब स्वतः घरी येऊन सांगून गेले. आबांनी तो कागद तीनदा वाचून घेतला आणि मग भिंतीकडं तोंड करून बराच वेळ तंबाखू मळत बसले. मालतीबाईंनी साहेबांना शेवेची भाजी वाढली, इतकी तिखट की साहेबांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

गल्लीनं ठरवलं की आबांचा सत्कार करायचा. तारीख काढली जूनची पंधरा, शाळा उघडायच्या वेळची. शाल आणली, बॅनर रंगवायला टाकला. आबांना सांगायला गेले तर आबा म्हणाले, "जूनमध्ये? अर्धी गल्ली गावाला आहे. सत्कार कोणासमोर करता, बॅनरसमोर?"

"आबा, मंडपवाला परत कधी मोकळा व्हई काय माहीत," भटू म्हणाला.

"मग मंडप नको."

झालं, सत्कार पुढं ढकलला. जुलैचा दुसरा रविवार, शाळेच्या मैदानात, मंडप नाही, बँड नाही, उसन्या खुर्च्या. सोनाली चलथाणहून आली होती, लेकरांना घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. देसाईसाहेब पाहुणे. हार आला, नारळ आला, गुरुजी भाषणाचा कागद घेऊन उभे राहिले. आबांनी हात वर केला.

"काय झालं आबा?"

"सात घरं यायची आहेत. गाडी लेट आहे."

गुरुजींनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी खुर्ची जरा सावलीकडं ओढली आणि बसले. मालतीबाई शेजारणीला म्हणाल्या, आता बस तासभर. हारावर कोणीतरी पाणी मारलं. पोरं मैदानात पळापळी खेळायला लागली, सोनालीची पण त्यांच्यात घुसली, आणि आबा शालीच्या पिशवीवर हात ठेवून रुळाच्या बाजूला कान लावून बसले, लूमनं अर्धे गेलेले कान, पण गाडी थांबल्याचं सगळ्यांच्या आधी त्यांनाच कळलं.

"आली," आबा म्हणाले, आणि सत्कारमूर्तीच उठून पोती उचलायला पळाले.