खिडकीबाहेर पाहणारी बाई

शेवटच्या भेटीत सासूबाईंनी माझ्या एका जुन्या प्रश्नाचं उत्तर दिलं. वाशिमच्या दवाखान्यात दुपारची वेळ, खिडकीचा पडदा हलत होता, त्यांचे डोळे अर्धे मिटलेले. त्यानंतर काही दिवसांतच त्या गेल्या... तो हलणारा पडदा मात्र अजून डोळ्यांपुढून जात नाही.

प्रश्न आमच्या पहिल्या भेटीचा होता. अनसिंगला, माझ्या माहेरी, मला पाहायला शेलूबाजारहून जीपभर माणसं आली होती. कुणी नाव विचारलं, कुणी चालून दाखवायला सांगितलं. मुलाची आई मात्र पोह्यांची बशी मांडीवर घेऊन सगळा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. बाहेर होतं काय, तर दोरीवरची धुणी. एकदाही मान वळली नाही. मी मनाशी ठरवून टाकलं, बाई तोऱ्याची आहे आणि मी तिला आवडलेली नाही. होकार आला तरी ती टोचणी गेली नाही. बी.ए.चं शेवटचं वर्ष बाकी होतं. ही बाई माझी पुस्तकं माळ्यावर टाकणार, असं धरूनच मी त्या घरात पाऊल ठेवलं.

घडलं भलतंच. दुपारी मी त्यांच्या खोलीत अभ्यासाला बसले की त्या दाराशी तूर निवडत बसायच्या, आणि शेजारणी आल्या की म्हणायच्या, "सुनेचं डोकं दुखून राह्यलं वं. मंग या." गल्लीत माझी पहिली ओळख झाली ती रोगट सून म्हणून.

"रोजच दुखते काय वं तिचं?" एकीनं विचारलंच.

"तू आली का दुखते," सासूबाई म्हणाल्या.

दोन्ही घरांतली पहिली पदवी मी घेतली, ती त्या डोकेदुखीच्या जोरावर. तरी आत कुठेतरी ती न वळलेली मान राहिलीच होती. माया केली त्यांनी, खूप केली... पण मी त्यांना आवडले होते का?

दवाखान्यात शेवटी विचारलं. "आई, त्या दिवशी तुमी माह्याकडं पाह्यलंच नाही. आवडली नव्हती ना मी?"

"समदे तं पाहून राह्यले होते तुले," त्या हळू म्हणाल्या. "आनखी मी कायले पाहू? मले पाह्याले आले तवा केसं सोडाले लावले होते, बाई... पायाचे बोटं मोजले."

"मंग पाह्यलं कवा?"

"तू पुस्तकावर डोकं ठेवून झोपली होती. तवा पाह्यलं. सावकाश." थोडा वेळ त्या नुसत्याच हसत राहिल्या. "लाळ गळून राह्यली होती तुही. म्हटलं, आपलीच हाय."

त्यांची बाज अजून घरी त्या खोलीत, खिडकीपाशीच आहे. परवा दुपारी पुस्तक घेऊन तिथे आडवी झाले आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. दाराशी कुणी नव्हतं. तरीही मी लगेच उठले नाही, तोंडही पुसलं नाही... कुणीतरी सावकाश पाहत असावं, तशी पडून राहिले.