पहिली थाप

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. भजनाची ढोलकी खुळखुळायला लागली म्हणून मी ती चाकूरच्या स्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्याकडं नेली. आत कुणी झोपलंय अशा बेतानं त्यानं गंजके नट बदलले, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या कापून नटांखाली घातल्या.

"वाजवून बघा की," मी म्हणालो.

"पहिली थाप वाजवणाऱ्याची. कुठं हाय त्यो?"

"रोजगार हमीवर, खडी फोडायला."

त्यानं दुकान झाकलं आणि ढोलकीसकट मला सायकलवर बसवून तिकडं नेलं. आमच्या ढोलकीवाल्यानं धुळीचे हात धोतराला पुसून थाप मारली, तशा सगळ्या हातोड्या थांबल्या.

दुरुस्तीवाला डोळे मिटून नट ऐकत होता. "व्हय," तो म्हणाला, "आता निस्ती ढोलकीच बोलायली."